पंधरा पावलांची खाण

फाटकाची साखळी एलिनेदने आधीच काढून ठेवलीय.
सहा वर्षांतून एकदा येतो मी, खात्याचे बूट घालून.
एक फॉर्म, एक टेप, दोन पेन्सिली.
हातोडा गाडीतच.
इथे हातोड्याला मनाई आहे, माझ्यासुद्धा.

लांबी पंधरा पावलं.
उंची, तिच्या मापाने, दोन इदवल आणि वर एक टोपी.
इदवल तिचा नवरा. गेल्याला चार हिवाळे झाले.
वेल्सच्या सीमेवर असे उतार शेकड्याने,
त्यातल्या एकाला कुणीतरी घास घेतल्यासारखी ही जागा.
चुन्याची भट्टी होती म्हणे खाली,
आता तिच्यात चिडवं वाढतात.

दगड राखाडी. थर तिरके,
फळीवरच्या वह्या एका बाजूला कलंडाव्यात तसे.
मधेच बोटभर पिवळट माती,
ओली झाली की साबणासारखी.
कुठल्याशा ज्वालामुखीची राख ती,
त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका वाईट आठवड्यातली.
तेव्हा इथे कोमट, उथळ समुद्र होता.
तो गढूळला. मग निवळला.
फॉर्मवर तेवढ्यासाठी एक ओळ आहे:
थर सात, दिसतो की नाही.
दिसतो.

पत्र आलं तेव्हा इदवल खड्डा बुजवायच्या बेतात होता.
मोडका फ्रीज, बापाचा नांगर, एक मेलेली मेंढी
एवढं टाकूनही झालं होतं.
पत्रात अठ्ठावीस गोष्टींना मनाई.
"भिंत राखायची? भिंतीला काय लांडगा नेतोय?"
फ्रीज वर काढायला त्याला दोन दिवस लागले.
त्यानंतर दर ऑक्टोबरात स्वतःच आयव्ही कापायचा,
शिव्या देत,
मेंढ्यांना वेल्शमध्ये, सरकारला इंग्रजीत,
ज्याच्या त्याला कळाव्यात म्हणून.

आता ती कापते. खुर्ची आणते घरातली,
वरच्या फांद्यांसाठी. चिखलात खुर्चीचे चार
खोल ठसे आहेत, ते मी मोजत नाही.

मग ती रेनकोटच्या खिशातून एक मोजा काढते,
मोज्यातून एक दगड.
काडी लागताच वाणी अंग गुंडाळून घेतो
तसा गुंडाळलेला ट्रायलोबाइट.
डोळे शाबूत.
"नऊ वर्षांचा असताना काढला त्याने,
खिळ्याने. चाव्यांच्या ड्रॉवरमध्ये असायचा.
परत लावता येईल?"

मला सांगायला हवं होतं
की थरातून निघालेल्या दगडाला पत्ता उरत नाही.
मला सांगायला हवं होतं की यादीत क्रमांक एकोणीस
नेमका हाच गुन्हा आहे
आणि आरोपी त्या टेकडीवरच्या चॅपलमागे पुरलेला आहे.
मी विचारलं, "कुठून काढला, माहितेय?"

ती सरळ चालत गेली.
राखेच्या खाली वीतभर,
अंड्याच्या कपाएवढी खोबण.
गेल्या पावसाळी शरदात सापडली म्हणाली,
डोळ्यांनी नाही, अंगठ्याने.

बसला नाही.
पासष्ट हिवाळ्यांच्या गोठणीने कडा झिजल्या होत्या.
दोनदा तिच्या तळहातावर पडला,
तिसऱ्यांदा मी पकडला. जड होता,
आणि खिशातला, म्हणून ऊबदार.
तिने कुंपणाच्या तारेला अडकलेली लोकर तोडली,
थुंकी लावून पिळली, खोबणीत कोंबली.
मग दगड.
मग आम्ही दोघं जरा मागे सरकलो,
भिंतीवर फोटो लावल्यावर सरकतात तेवढे.

राहिला.

"पुढच्या वेळी तूच येशील ना?"
"बघू," मी म्हणालो. "पाठवतील त्यांच्या मर्जीने."
साखळी लावताना ती इदवलसारखंच काहीतरी पुटपुटली,
वेल्शमध्ये. म्हणजे मेंढ्यांसाठी असावं.

गाडीत बसून फॉर्म पुरा केला.
झाडोरा: आटोक्यात.
सुटे दगड: नाहीत.
एकंदर स्थिती: समाधानकारक.
आणि समासात, पेन्सिलीने,
पुढच्या माणसाला कळेल न कळेल अशा अक्षरात:
लोकर काढू नये.